फलाटावरच्या पायरीची जबानी

तुम्ही खोटं लिहिलंत.

रेल्वेच्या कचेरीत, वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून, सही करून, वर शिक्का हाणून तुम्ही लिहिलंत की या स्थानकावर कोणी चढत नाही आणि कोणी उतरत नाही. तो कागद फलाटावर मोठ्याने वाचला गेला तेव्हा मी वाचणाऱ्याच्या बुटापासून हातभर अंतरावर होते. शब्द न् शब्द ऐकला. तुमच्यापैकी एकाने तरी कधी या फलाटावरून गाडीत पाय ठेवला होता का? ठेवला असता तर मला कळलं असतं. बाकी कशातही मला फसवा, पावलांच्या बाबतीत मी फसत नाही.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. हे तुम्हाला नाही. ज्यांना आहे त्यांना बरोबर लागेल. तुम्ही बसा आणि ऐका.

मी एक जुनी लाकडी पायरी आहे. कोणी मला स्टूल म्हणतं, कोणी घोडा म्हणतं. आमचा फलाट बुटका आहे, जमिनीपेक्षा वीतभर उंच, आणि लांब पल्ल्याच्या गाडीचे डबे उंच. डब्याच्या दाराखालची शेवटची पट्टी मोठ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत येते. तरणाताठा माणूस लोंबकळत चढेल. पण म्हाताऱ्याने काय करायचं? कडेवर मूल घेतलेल्या बाईने काय करायचं? तिथे माझं काम. गाडी उभी राहिली की मला दाराखाली ठेवायचं, शेवटचं माणूस वर गेलं की उचलायचं. दोन पायऱ्या, चार फाकलेले पाय, वरच्या फळीत हात घालून उचलायला एक खाच. एवढीच मी.

रेल्वेच्या कारखान्यात एक सुतार होता. एक डोळा मिटून फळी बघायची त्याला सवय. मोडीत निघालेल्या डब्यांची बाकं त्याने फोडली आणि त्या फळ्यांतून मला केलं. म्हणजे मित्रांनो, जन्माला येण्याआधीच माझा निम्मा जन्म प्रवासात गेला होता. काम झाल्यावर तो माझ्यावर चढून दोनदा उड्या मारून म्हणाला, "जा. हत्ती चढला तरी कुरकुरायचं नाही." मग पिवळा रंग दिला आणि सामानाच्या डब्यात टाकून इथे पाठवलं. त्याचं ऐकलं मी. आयुष्यात एकदाच कुरकुरले. ते पुढे सांगते.

इथे मला उतरवून घेतलं मामाने. मामा म्हणजे फलाटावरचा माणूस. झाडणं, शेगडी पेटवणं, पार्सलं चढवणं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीला निशाण दाखवणं, सगळं त्याच्याकडे. सख्खा भाचा एकही नाही, पण सगळ्या गावाचा तो मामा. त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा "मामा, गाडी कुठे आहे हो?" असंच विचारत. स्थानकाच्या मागे दोन खोल्या होत्या, तिथे तो आणि त्याची थोरली बहीण राहायची. तिला सगळे आक्का म्हणत. आक्का शिवणकाम करायची. खिडकीशी तिचं मशीन, आणि खिडकीतून फलाट दिसायचा. मामाची निशाणं तिनेच शिवलेली. हिरवं फाटलं तर म्हणायची, "धाकट्या, तू निशाण दाखवतोस की कोणाला झोडपतोस?"

पहिली किती तरी वर्षं चांगली गेली. सकाळी दहा वीसची गाडी. दिवसातून एकच, पण ती आली की फलाट उजळायचा. परीक्षेला निघालेल्या मुलाचं पाऊल माझ्यावर थरथरायचं. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक उतरायची तेव्हा दोन्ही पाय एका पायरीवर ठेवूनच पुढचा टाकायची. आणि जे कायमचे सोडून निघालेले असत, ते दुसऱ्या पायरीवर गेले की हमखास मागे वळत. तेवढ्या वळण्याने माझ्या फळीवर टाचेचा एक गोल उमटायचा. रंग मला वर्षातून दोनदा द्यावा लागे, पावलांनी खरवडून निघायचा म्हणून.

मग जमिनीखाली तेल सापडलं.

तेल वाईट असं मी म्हणणार नाही. ज्या घरांत दोन वेळा चूल पेटायची मारामार होती तिथे नवी छपरं आली. पहिली तीन वर्षं तर तेलाने आमच्या गाडीचंही भलं केलं. लांबलांबून माणसं कामाला येऊ लागली, सगळी गाडीने. चिखलाचे लोखंडी टोकाचे बूट, खांद्यावर पोती. एकेक पाऊल असं पडायचं की कारखान्यातला सुतार आठवायचा. मामाने माझ्या पायांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या. तिकिटाची रांग खिडकीपासून नळापर्यंत जायची. खिडकीवर एक बाई होती, खिडकीबाईच म्हणत तिला, तिला जेवायला उठता येईना. गाडीला दोन डबे वाढवले. तुम्ही, हो तुम्हीच, चौकटीत बसवलेलं एक प्रशस्तिपत्र पाठवलंत: प्रवासी संख्येत सर्वाधिक वाढ. मामाने ते वेटिंग रूममध्ये लावलं. आक्का म्हणाली, "तिरकं लागलंय." मामा म्हणाला, "आक्का, गाव सरळ आहे ना, बास."

पण रूळ एकच होता, मित्रांनो. हे नीट लक्षात घ्या, कारण सगळं दुखणं इथे आहे. येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला एकच रूळ. समोरून दुसरी गाडी येत असेल तर एकीने स्थानकाच्या बाजूच्या रुळावर शिरायचं, थांबायचं आणि दुसरीला जाऊ द्यायचं. आमचा फलाट त्या बाजूच्या रुळाला लागूनच आहे. पूर्वी बाजूला व्हायची ती मालगाडी. कोळसा असो, धान्य असो, माणसांची गाडी आधी. असा रिवाज होता.

तेल वाढलं आणि टँकरच्या गाड्या आल्या. काळ्या, गोल, एकामागे एक शंभर टँकर. आधी दिवसाला एक, मग तीन, मग नऊ. आणि रिवाज गुपचूप उलटा झाला. कोणी जाहीर केलं नाही. आता माणसांची गाडी बाजूला उभी राहायची आणि तेल पुढे जायचं. मला एक कळत नाही. तेल दोन तास थांबलं तर नासत नाही. लाखो वर्षं जमिनीत थांबलेलंच होतं ते. माणूस थांबला की त्याची परीक्षा चुकते, दवाखान्याची वेळ चुकते, कोणाचं शेवटचं तोंड बघायचं राहतं. तरी थांबायचं कोणी? माणसाने.

दहा वीसची गाडी बाराला यायला लागली. मग दोनला, मग चारला. एकदा तर नऊ तास उशिरा आली. तेलाच्या कामगारांना कंपन्यांनी स्वतःच्या बसगाड्या दिल्या, ते गेले. मग ज्यांच्या दारात मोटार आली ते गेले. गावाची एक बस होती, तिचे ड्रायव्हर तेलाचे ट्रक चालवायला गेले आणि बस बंद पडली. मागे उरले ते ज्यांना मोटार घेता येत नव्हती, नाहीतर चालवता येत नव्हती, नाहीतर धड दिसत नव्हतं.

त्या शेवटच्यांत आमची आक्का होती.

तिच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याला सूज येऊ लागली होती. मधोमध धुरकट डाग, कडेने तेवढं दिसायचं. मोठ्या शहरात डोळ्यांचा डॉक्टर होता, गाडीने एका दिवसाचा आणि एका रात्रीचा रस्ता. दर चार आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन. डॉक्टरने बजावलं होतं, "आहे तेवढी नजर मी टिकवतो. पण खंड पाडू नका. गेलेली परत आणायचं औषध माझ्याकडे नाही." आक्का येऊन मशीनवर बसली आणि सुईत दोरा ओवून बघितला. पहिल्या फटक्यात ओवला गेला. "टिकवू," म्हणाली.

मला तिची नजर तिच्या पायातून कळायची. आधी ती धपाधप चढायची. वर्षभराने पहिल्या पायरीवर क्षणभर थांबायला लागली. नंतर चवड्याने माझी कड चाचपायची, मांजर पाण्याला पाय लावतं तशी, आणि मग भार टाकायची. मामा हात द्यायला गेला की झटकायची. "मी काय पार्सल आहे?"

आता मामाची चूक सांगते. ही चूक मला सांगायलाच हवी, कारण तुम्ही तिचा पुरेपूर फायदा घेतलात.

गाडी पाच-पाच तास उशिरा. वेटिंग रूममधली शेगडी तुम्ही बंद केलीत, गर्दी घटली म्हणून. बाहेर वारा असा की दात वाजायचे. त्यात सकाळी दहापासून म्हातारी माणसं बसून राहायची. मामाला ते बघवेना. एक दिवस त्याने हात पसरून सगळ्यांना सांगितलं, "घरी जा. अंथरुणात बसा. मागच्या स्टेशनवरून गाडी सुटल्याचा मला फोन येतो, त्यानंतर अर्धा तास लागतो. फोन आला की मी पाण्याच्या टाकीवर पांढरी चादर चढवतो. ती दिसली की निघा."

चादर आक्काने शिवून दिली, दोन पलंगपोस जोडून. गावात कुठूनही दिसायची. थोड्याच दिवसांत तसं म्हणायची रीतच पडून गेली. मुलं खेळता खेळता ओरडायची, "चादर चढली!" आणि घराघरांतून बॅगा बाहेर पडायच्या. एक बहिरा म्हातारा होता, तो म्हणायचा, "गाडीची शिट्टी मला कधी ऐकू आली नाही. आता पहिल्यांदा तुमच्या बरोबरीने कळतं."

"पण मामा, तिकीट?" लोकांनी विचारलं. तिकिटाची खिडकी नऊ ते एक. एकनंतर थांबायचं नाही असा खिडकीबाईला तुमचाच हुकूम. आणि गाडी चारला. मामा म्हणाला, "त्यात काय? गाडीत तपासनीस आहे, तो फाडून देतो. पैसे तेवढेच. उगाच खिडकीसाठी सकाळी कशाला हेलपाटा घालता?"

खिडकीबाई एकदा म्हणालीही, "मामा, माझी खिडकी ओस पडली हो. दिवसभरात एक हाक नाही."

"बाई, इतकी वर्षं जेवायला उठता येत नव्हतं. आता जेवा पोटभर."

ती हसली. मामाही हसला. तीन वर्षं चादर चढत राहिली. थंडीत काकडून एकही माणूस आजारी पडला नाही, याचा मामाला फार अभिमान.

मग एका दुपारी मोटारीतून एक साहेब आला. मोटारीतून, मित्रांनो. रेल्वेचा साहेब, आणि गाडीने आला नाही, कारण त्याला वेळेवर पोचायचं होतं. स्वच्छ काळे बूट, हातात फाइल. त्याने फलाटावर उभं राहून कागद वाचला. या स्थानकाच्या खिडकीवरून गेल्या वर्षात अकरा तिकिटं विकली गेली. सबब प्रवासी नाहीत. सबब पुढल्या महिन्यापासून थांबा रद्द.

मामाला आधी हसूच आलं. "अहो साहेब, लोक गाडीत तिकीट काढतात! काल सात जण चढले. परवा बारा."

"गाडीत काढलेलं तिकीट गाडीच्या नावावर जातं," साहेब म्हणाला. "स्टेशनच्या नावावर खिडकीचं जातं."

"पण चढतात तर इथूनच ना?"

"तसा कागद आहे का?"

मामाने इकडेतिकडे बघितलं आणि एकदम मला उचललं. साहेबाच्या नाकासमोर धरलं. "हा कागद बघा. पावसाळ्यात रंग दिलाय मी हिला. आता लाकूड दिसतंय. कोण चढतं हिच्यावर? भुतं?"

साहेबाने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत वरच्या मजल्यावरच्या एखाद्याने माझ्याकडे बघितलं ते तेवढंच. मग फाइल मिटत म्हणाला, "लाकडाची नोंद होत नाही."

"मग आजपासून सगळे खिडकीवर काढतील! उद्यापासून! मी स्वतः एकेकाला ओढून आणतो."

"मामा, निर्णय झालेला आहे. मागच्या वर्षाच्या आकड्यावर."

साहेबही मामाच म्हणाला. त्याच्या तोंडून ती हाक ऐकून मला शिसारी आली.

मोटार गेली. मामा बराच वेळ उभा होता. मग त्याने मला खाली ठेवलं आणि माझ्यावर बसला. इतक्या वर्षांत तो कधी माझ्यावर बसला नव्हता. "ती लोकांच्या पायाची जागा आहे," म्हणायचा. त्या दिवशी बसला, सगळा भार टाकून, आणि मी कुरकुरले. आयुष्यात पहिल्यांदा. मगाशी म्हटलं ना, तेच हे.

खोलीतून आक्का चाचपडत बाहेर आली. तिने खिडकीतून सगळं ऐकलं होतं.

"मीच केलं," मामा म्हणाला. "आक्का, मीच सगळ्यांना खिडकीवरून उठवलं."

"उठवलंस ते थंडीतून."

"नोंद खिडकीची होती गं."

"ते तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मग बास. रडायचं असेल तर आत ये, बाहेर वारा आहे."

महिना संपला. लोकांनी सह्या केल्या, अर्ज केले, खिडकीबाईने स्वतःच्या अक्षरात चार पानी पत्र लिहिलं. तुम्ही पोच सुद्धा दिली नाहीत. तिची खिडकी फळ्या मारून बंद केलीत आणि तिला दुसरीकडे पाठवलंत. मामाला मात्र ठेवलंत, टँकरच्या गाड्यांना निशाण दाखवायला कोणीतरी हवं होतं म्हणून. ज्या हाताने मला उचलायचा, त्या हाताने तो आता दिवसभर तेलाला हिरवं दाखवू लागला. मला पार्सलच्या खोलीत ठेवलं.

आक्काची तारीख आली. शेजाऱ्याच्या मोटारीतून मामा तिला घेऊन निघाला. रस्त्यावर ट्रकांची न संपणारी रांग, डांबर उखडलेलं, दोन ठिकाणी वाट अडलेली. पोचले तेव्हा दवाखाना बंद झालेला. डॉक्टर त्या दिवसानंतर आठवडाभर नव्हता. शेजाऱ्याला कामावर परतायचं होतं. तसेच मागे फिरले. आठ आठवडे झाले, मग नऊ. डाग पसरत होता. आक्काने गिऱ्हाइकांची बारीक कामं परत केली. म्हणायची, "हल्ली काज घालायचा कंटाळा येतो." मामा समजायचं ते समजायचा.

आणि मग एक दिवस दुपारी ती मशीनवर बसल्या बसल्या मान वर करून म्हणाली, "धाकट्या, ही शिट्टी प्रवासी गाडीची ना?"

"हो."

"लांब गेली नाही ती. इथेच आहे."

मामा निशाणाची घडी घालू लागला.

"उभी आहे का रे?"

"उभी आहे."

"कुठे?"

"फलाटावर," मामा खाली बघत म्हणाला. "टँकर जाईपर्यंत बाजूच्या रुळावर घेतात. रोजच."

"रोज? टँकरांच्या खडखडाटात मला ओळखूच आली नाही. किती वेळ?"

"अर्धा तास. कधी तासभर."

आक्का उठली. "म्हणजे थांबा रद्द केला आणि गाडी रोज थांबते? पहिल्यापेक्षा जास्त? पूर्वी तर तीन मिनिटं थांबायची मेली!"

"त्याला थांबा म्हणत नाहीत आक्का. क्रॉसिंग म्हणतात."

"नाव काही का ठेवेनात. उद्या मी बॅग भरते."

दुसऱ्या दिवशी मामाने मला बाहेर काढलं. ओल्या फडक्याने पुसलं. त्याला आशा होती का? मला ठाऊक नाही. पण पुसताना त्याने माझ्या खालच्या बाजूही पुसल्या, जिथे कोणी बघत नाही.

चार वाजून पाच मिनिटांनी गाडी आली. फलाटाला घासून उभी राहिली. मामाने मला दाराखाली ठेवलं, नेहमीच्या जागी, नेहमीच्या आवाजात. आक्काने चवड्याने मला शोधलं. आधी माझा पाय सापडला, मग कड, मग ती चढली. दुसऱ्या पायरीवर उभी राहिली आणि हात पुढे केला. हाताला दाराचा पत्रा लागला. दार बंद होतं.

तिने दार वाजवलं. काचेमागे तपासनीस आला. तोच जुना, ज्याने तीन वर्षं तिला तिकीट फाडून दिलं होतं. त्याने बाजूची खिडकी चार बोटं खाली केली.

"आक्का, हात जोडतो. खाली उतरा. इथे थांबा नाही."

"मग गाडी आत्ता काय करतेय? नाचतेय?"

आतले दोघं-तिघं हसले. तपासनीस हसला नाही. "दार उघडलं की इंजिनात दिवा लागतो. वर नोंद होते. थांबा नसताना कोणाला चढवलं तर माझी नोकरी जाते."

"नोंद होते?" मामा पुढे झाला. "होऊ दे की! इतके दिवस तेच मागतोय आम्ही! एकदा तरी होऊ दे नोंद, की इथून माणूस चढलं!"

"मामा, तुम्ही जाणते आहात..."

"जाणता असतो तर हा दिवस आलाच नसता."

आतून एका बाईने म्हटलं, "अहो घ्या ना त्यांना. डोळ्यांनी अधू दिसतात."

"बाई, मला दिसत नाही का?" तपासनीस ओरडला, आणि मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "मला दिसतंय हो सगळं."

"तू तुझं दार धर," आक्का म्हणाली. "मी माझी पायरी धरते. बघू कोण दमतं." आणि तिने तळहात दारावर टेकवला आणि तशीच उभी राहिली.

तेवढ्यात लांबून टँकरची गाडी आली. आणि मित्रांनो, मामाला जावं लागलं. त्याला फलाटाच्या टोकाला जाऊन तिला हिरवं दाखवायचं होतं. नाही दाखवलं तर ती थांबते, ती थांबली की दोन्ही गाड्या अडकतात, आणि हिशेब मामाकडे. तो दोन पावलं गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी आक्काच म्हणाली, "जा. तुझं काम कर. मी कुठे जातेय?"

शंभर टँकर गेले. माझ्या चारही पायांखालची फरशी थरथरत होती. आक्काचे पाय मात्र हलले नाहीत. फलाटाच्या टोकाला मामा हिरवं निशाण धरून उभा होता, तोंड आमच्याकडे, हात तेलाकडे.

शेवटचा टँकर गेला. सिग्नल पडला. तपासनीसाने खिडकीतून नुसतं "आक्का" म्हटलं, आणि गाडी हलली. तिच्या तळहाताखालून दार सरकलं, मग दुसरा डबा, मग तिसरा. तिने हात मागे घेतला नाही. गाडी निघून गेली तरी तो हात तसाच पुढे होता, काहीच नसलेल्या ठिकाणी टेकलेला.

मामा धावत आला.

"गेली का?" आक्काने विचारलं.

"गेली."

"मला वाटलं अजून एक डबा आहे."

ती उतरली. उतरताना चवड्याने मला शोधत होती आणि मी तिला सापडत नव्हते. मित्रांनो, पायरीला हलता येत नाही. आयुष्यात मला हलावंसं वाटलं ते त्या एका क्षणी, बोटभर पुढे. मामाने तिला कवेत धरून खाली घेतलं. या वेळी तिने त्याचा हात झटकला नाही.

आता ती सरळ शिवण तेवढी घालते, बोटांच्या अंदाजाने. सकाळी कामावर निघण्याआधी मामा दहा सुयांत दोरे ओवून उशीत टोचून ठेवतो. दहा संपल्या की तिचं त्या दिवसाचं काम संपलं. मला त्याने घरी आणलंय, मागच्या दारापाशी. दारापासून अंगण हातभर खाली आहे. तिथे उतरायला आक्काला लागते मी. दिवसातून चार वेळा, एकच माणूस.

मित्रांनो, वस्तू जपा, असं माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायचं असतं. तेही सांगते: रंग द्या, खिळे ठोका, पावसात टाकू नका. पण त्याहून एक मोठं सांगते. तुम्ही जिथून चढता, जिथे शिकता, जिथे औषध घेता, तिथे तुमची मोजणी नेमकी कुठे होते ते आजच विचारून ठेवा. चांगुलपणाने वागा, पण मोजणारा कुठे उभा आहे तेही बघा. आमच्या मामाने फक्त पहिलं केलं.

आणि तुम्ही, वरच्या मजल्यावरचे. लाकडाची नोंद होत नाही म्हणता, तर नका करू. पण माझा प्रश्न तेवढा लिहून घ्या, आणि उत्तर याच फलाटावर येऊन, मोठ्याने वाचून द्या. गावाला ऐकू जाईल असं. त्या दिवशी चार वाजून पाच मिनिटांपासून पावणेपाचपर्यंत ती गाडी इथे थांबली होती की नव्हती? थांबली होती, तर दार का उघडलं नाही? आणि नव्हती थांबली म्हणत असाल, तर सांगा, चाळीस मिनिटं त्या बाईचा हात कशावर टेकला होता?